माझं, मला, माझ्याकडे

यादी 114 ओळींची होती. पहिल्या ओळीत प्रेशर कुकर, 2 नग, वापरलेले. शेवटच्या ओळीत ‘इतर किरकोळ’. मधल्या ओळींत एका जोडप्याचा पुण्यातला अकरा वर्षांचा संसार. नवऱ्याला तुलूझला विमानांच्या कारखान्यात नोकरी लागली होती, सामान जहाजाने जाणार होतं आणि तिथल्या कस्टम्ससाठी यादी फ्रेंचमध्ये हवी होती. इंग्रजी यादी त्यांनी एक्सेलमध्ये करून पाठवली. इंग्रजीतून फ्रेंच करायचं काम मी चोवीस वर्षं करते आहे. करारांचे मसुदे, यंत्रांच्या पुस्तिका, जन्माचे दाखले, असं सगळं रुक्ष. म्हटलं, कढया आणि चादरीच तर आहेत, जेवणापर्यंत हातावेगळं होईल.

पाच दिवस लागले.

मथळ्यातच अडकले. ‘पर्सनल बिलाँगिंग्ज अँड हाउसहोल्ड इफेक्ट्स.’ बिलाँगिंग्जला फ्रेंचमध्ये रोजच्या बोलण्यातला शब्द आहे ‘आफेर’. आई पोराला ‘तुझी आफेर आवर’ म्हणून ओरडते. पण धंदा म्हणजेही आफेर, कोर्टकचेरीतली भानगडही आफेर आणि परराष्ट्र खातं जे सांभाळतं तेही आफेर. ‘बियँ’ म्हणावं, तर तो दिवाणी कायद्यातून आलेला, कोट-टाय घातलेला शब्द. त्यात शेतजमीनही बसते आणि दात घासायचा ब्रशही. ‘पोसेसिओं’ आहे, पण तो उच्चारला की अंगात आल्याचा, भूतबाधेचा अर्थही मागोमाग येऊन उभा राहतो. उरला ‘एफे’, म्हणजे इंग्रजी इफेक्ट्सचा सख्खा भाऊ. मला तो कधीच आवडला नाही. दोन्ही भाषांत त्याला इस्पितळाचा वास येतो. घड्याळ, पाकीट, चष्मा एका पाकिटात घालून नातेवाइकांच्या स्वाधीन केला, त्या वेळचा तो शब्द. पण कस्टम्सच्या नियमातच ‘एफे ए ओबझे मोबिलिए’ असं छापलेलं असल्यावर माझ्या आवडीला कोण विचारतो? तेच लिहिलं.

मराठीत ही यादी करायची असती तर सामान, चीजवस्तू, चंबूगबाळं असे कितीतरी शब्द होते, पण मथळा एकाच शब्दात झाला असता. टेम्पोत सगळा संसार भरला, असं आपण म्हणतो. त्यात पोळपाटही आला आणि भांडणंही. फ्रेंच लोक बिऱ्हाड हलवण्याला ‘देमेनाझे’ म्हणतात, आणि त्यात ‘मेनाझ’ आहे. मेनाझ म्हणजे घरसंसार, मेनाझ म्हणजे नवरा-बायकोचं जोडपं, आणि ‘फेर ल मेनाझ’ म्हणजे केर-फरशी. तिन्ही अर्थ एका शब्दात ठेवणाऱ्या भाषेला संसार म्हणजे काय ते कळलेलं आहे.

नियम युरोपीय संघाचा, 2009 सालचा, क्रमांक 1186. संघाबाहेरच्या देशात निदान 12 महिने राहिलेला माणूस कायमचा संघात राहायला गेला, तर त्याचं निदान 6 महिने वापरातलं घरचं सामान शुल्क न भरता नेता येतं. आणि पुढे एक मजेशीर अट : नेल्यावर 12 महिने आधी कळवल्याशिवाय ते विकायचं नाही, गहाण टाकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही आणि उसनंसुद्धा द्यायचं नाही. म्हणजे दिवाळीत शेजारच्या फ्लॅटमधल्या मराठी बाईने चकलीचा सोऱ्या मागितला तर आधी कस्टम्सला कळवायला हवं. सोऱ्या आपलाच, पण वर्षभर जरा कमी आपला. याच नियमात घरात पाळलेले प्राणी आणि खोगीर घालायचे प्राणीही वैयक्तिक मालमत्तेत धरलेत. यादीत मांजर होती. घोडा नव्हता.

आता ‘ओन’कडे येते. मराठीत या क्रियापदाला जोडच नाही. ‘हॅव्ह’लाही नाही. इंग्रज माणूस ज्या एका शब्दात घर, ताप, बहीण आणि शंका सगळं धरून ठेवतो, त्याला आपल्याकडे निदान तीन दारं आहेत. घर माझं असतं. ताप मला असतो. पैसे माझ्याकडे असतात. दारं चुकली की पंचाईत होते. फ्रेंचच्या पहिल्या महिन्यात ‘झे द सर’ या वाक्याचं मराठी मी वर्गात सगळ्यांसमोर ‘माझ्याकडे दोन बहिणी आहेत’ असं केलं होतं. सरांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, “हो का? किती दिवस राहणार आहेत?”

त्या वेळी हसं झालं, पण ते वाक्य डोक्यात राहिलं. माझ्याकडे असणं म्हणजे जवळ असणं, हाताशी असणं. माझ्याकडे तुझी छत्री आहे, असं आपण बिनदिक्कत म्हणतो. त्यात मालकीचा प्रश्नच येत नाही. उद्या ती तुझ्याकडे येईल. इंग्रजीचा ‘आय हॅव्ह युअर अंब्रेला’ ऐकताना मला अजूनही छत्री कुणीतरी घट्ट धरून ठेवल्यासारखी वाटते. फ्रेंचला ‘आव्वार’ आहे, म्हणजे ‘हॅव्ह’सारखंच क्रियापद. फ्रेंच माणसाला तर भूकही ‘असते’ आणि वयही. पण त्याच भाषेत ‘शे’ नावाचा एक चिमुकला शब्द आहे, आणि तो भेटला तेव्हा मला परक्या गावात मावशीचं घर सापडल्यासारखं झालं. ‘शे म्वा’ म्हणजे माझ्याकडे. ‘शे ल मेदसँ’ म्हणजे डॉक्टरांकडे. ‘शे नू’ म्हणजे आमच्याकडे : आमच्याकडे या जेवायला, आणि आमच्याकडे आमटीत गूळ घालतात, दोन्ही. इंग्रजीला यातल्या प्रत्येकासाठी वेगळी कसरत करावी लागते. मराठीतून गेलं तर ‘कडे’ काढायचं आणि ‘शे’ ठेवायचं. शब्द मूळ लॅटिनच्या ‘कासा’वरून, म्हणजे घरावरून आला. शतकानुशतकं घासून घासून घराची भिंत गेली, छप्पर गेलं, नुसती दिशा राहिली.

हातांचंही तसंच. इंग्रज ‘माय हँड्स’ धुतो. फ्रेंच माणूस ‘झ म लाव ले मँ’ म्हणतो, त्यात ‘माझे’ येत नाही. आपणही ‘हात धुतले’ म्हणून मोकळे होतो. दुसऱ्या कुणाचे धुणार? चोवीस वर्षांत इंग्रजी मजकुरातले असे किती ‘माय’ आणि ‘युअर’ मी खुडून टाकले असतील, त्याची गणती नाही. भाजी निवडताना देठ काढावेत तसे.

एकसष्टाव्या ओळीत होतं ‘हिज ओन टूल्स’. कंपनीची नव्हेत, स्वतःच्या पैशाने घेतलेली पाना-पक्कड, ड्रिल वगैरे. फ्रेंचमध्ये ‘स्वतःचं’ म्हणजे ‘प्रॉप्र’, आणि तो शब्द नामाच्या आधी घालायचा. चुकून मागे गेला तर अर्थ ‘स्वच्छ’. ‘मा प्रॉप्र शेमीझ’ म्हणजे माझा स्वतःचा सदरा. ‘मा शेमीझ प्रॉप्र’ म्हणजे माझा धुतलेला सदरा. मुलांना शिकवताना हे उदाहरण हटकून देतात, मीही देत आले. दोन अर्थ एका शब्दात कसे आले याला शब्दकोशात सरळ उत्तर आहे : स्वतःचं, म्हणून साजेसं, म्हणून नीटनेटकं, म्हणून स्वच्छ. मला मात्र आजीचं सोवळं आठवतं. तिचं लुगडं दोरीवर उंच वाळत असायचं, काठीने टाकलेलं आणि काठीनेच काढायचं. ते धुतलेलं होतं आणि फक्त तिचं होतं. दुसऱ्याचा हात लागला की त्यातली एक गोष्ट जायची, आणि दुसरीही जायची.

पण हेच विशेषण कायद्यात ‘बियँ प्रॉप्र’ होऊन येतं तेव्हा ते नामाच्या मागे बसतं, आणि तरी त्याचा अर्थ स्वच्छ मालमत्ता असा होत नाही. (नवशिके तिथेच पडतात.) फ्रान्समध्ये लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर 1966 पासून सरसकट एक पद्धत लागू आहे : लग्नानंतर कमावलेलं ते दोघांचं, आधीचं, वारशाने आलेलं आणि भेट मिळालेलं ते ज्याचं त्याचं, म्हणजे ‘प्रॉप्र’. अंगावरचे कपडे लग्नानंतर घेतलेले असले तरी ज्याचे त्याचेच. स्त्रीधनाशी हे कुठे कुठे जुळतं. फरक असा की तिथे नवऱ्यालाही ‘पुरुषधन’ असतं.

दुसरा दिवस ‘मब्ल’मध्ये गेला. मब्ल म्हणजे फर्निचर. कपाट, खाट, टेबल हे सगळं मब्ल. पण कायद्यात मब्ल म्हणजे जे हलवता येतं ते सगळं. आणि ‘इमब्ल’ म्हणजे जे हलत नाही ते, जमीन, इमारत. इंग्रजी कायदा इथे ‘रिअल’ आणि ‘पर्सनल’ अशी भलतीच विभागणी करतो, ती समजावून सांगताना वकिलांचीही जीभ अडखळते. आणि आपल्याकडे? कुठल्याही खरेदीखतात बघा : स्थावर आणि जंगम. उभं राहतं ते आणि चालतं ते. नेपोलियनच्या 1804 च्या नागरी संहितेतली अख्खी कलमं मराठी दस्तलेखकाला इंग्रजीच्या मध्यस्थीशिवाय कळली असती. संहितेतल्या जुन्या कलम 524 ने मात्र तोही गोंधळला असता. मालकाने शेतीच्या कामासाठी जमिनीला जोडलेली जनावरं, नांगर-औतं, मधाच्या पोळ्यांच्या पेट्या, तळ्यातले मासे, बंदिस्त राखणीतले ससे आणि कबुतरखान्यातली कबुतरं ही सगळी कायद्याने ‘इमब्ल’, म्हणजे स्थावर! उडणारं कबूतर स्थावर आणि घरातलं शिसवी कपाट, जे हलवायला सहा माणसं लागतात, ते जंगम. 2015 मध्ये संहितेत नवं कलम आलं की प्राणी हे संवेदना असलेले जीव आहेत. त्याच कलमात पुढे असंही आहे की खास कायदे सोडले तर त्यांना मालमत्तेचेच नियम लागू. यादीतल्या मांजरीच्या बाबतीत मी हा विषय काढला नाही.

जनावरांवरून आठवलं. इंग्रजी कायद्यात जंगम वस्तूला ‘चॅटल’ म्हणतात, आणि गुरांना ‘कॅटल’. दोन्ही एकाच घरचे, आणि घर जुन्या फ्रेंचचं. नॉर्मन लोकांच्या राज्यात ते इंग्लंडात गेले. आता गंमत बघा. कॅनडात इंग्रजी परंपरेचा कायदा फ्रेंचमध्ये शिकवायचं ठरलं, माँक्टनच्या विद्यापीठात 1978 पासून ते सुरू आहे, तेव्हा ‘चॅटल’ला फ्रेंच शब्द हवा होता. त्यांनी ‘शातेल’ घेतला. आठ-नऊशे वर्षांनी लेक माहेरी आली, आणि माहेरच्या फ्रान्समधल्या वकिलांना ती ओळखूच येत नाही. तसंच ‘अ‍ॅसेट्स’चं. तो मुळात फ्रेंच ‘आसे’, म्हणजे ‘पुरेसं’ : मेलेल्या माणसाची देणी भागवायला पुरेसं मागे राहिलं आहे ना, एवढीच चौकशी. आज फ्रेंचमध्ये त्याचं भाषांतर ‘आक्तीफ’ करतात. पुरेसं हा अर्थ वाटेतच कुठेतरी गळाला.

संहितेच्या कलम 544 मध्ये मालकीची व्याख्या आहे. वस्तूचा सर्वथा निरंकुशपणे ‘झ्वीर’ करण्याचा आणि तिची विल्हेवाट लावण्याचा हक्क, कायद्याने मना केलेला वापर न करता. ‘झ्वीर’ला इंग्रजी भाषांतरकार ‘एंजॉय’ घालतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं, घर बघून हसायचं की काय. फ्रेंच ऐकणाऱ्याला या क्रियापदात शरीरसुखाचाही अर्थ ऐकू येतो, त्यामुळे कायद्याच्या वर्गात पहिल्या बाकावरची मुलं दरवर्षी खाली बघतात. मराठीत मला शोधावं लागलं नाही. माझ्या वडिलांच्या सातबाऱ्यावर जन्मभर तेच लिहिलेलं होतं : भोगवटादार वर्ग 1. ‘मालक’ असा शब्द त्या कागदावर त्यांच्या नावापुढे कुठेच नव्हता. लहानपणी मी विचारलं होतं, “म्हणजे शेत आपलं नाही?” ते म्हणाले, “आपलंच. सारा भरतोय ना?” आणि विषय संपवला. पुढे फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरकडे भोगवटा प्रमाणपत्रासाठी चौदा महिने खेटे घातले. तेव्हाही मनात झ्वीर हेच क्रियापद चालवत होते, सगळ्या काळांत.

मालकीचे तुकडेही पडतात. फ्रेंच कायद्यात नवरा वारला आणि मुलं दोघांचीच असली, तर बायकोला निवड करता येते : चौथा हिस्सा पूर्ण मालकीने, किंवा सगळ्याचा ‘युझ्युफ्र्वी’, म्हणजे जन्मभर वापरायचं, फळ खायचं, पण विकायचं नाही. मग मुलं राहतात ‘न्यू-प्रोप्रिएतेर’. शब्दशः नागडे मालक. नावावर सगळं, अंगावर काही नाही. घर भावाच्या नावावर आहे आणि कुठल्या खोलीत कोण झोपणार ते आई ठरवते, ही आमच्याकडची व्यवस्था कुठल्याही कायद्याने केलेली नाही, पण भावाला मी हा शब्द सांगितल्यापासून तो स्वतःची ओळख तशीच करून देतो.

याच्या उलट, काही वर्षांपूर्वी मदतकार्याच्या एका अहवालात ‘ओनरशिप’ भेटली होती. तिथे मालकीचा संबंधच नव्हता. गावाने योजना आपली मानावी, एवढं म्हणायचं होतं. 2005 च्या पॅरिस जाहीरनाम्यात मदतीच्या पाच तत्त्वांपैकी पहिलं हेच आहे, आणि त्याच्या फ्रेंच मसुद्यात शब्द आहे ‘आप्रोप्रियासिओं’. इंग्रजी कानाला हा लुबाडणुकीचा शब्द. फ्रेंचमध्येही तो अर्थ आहेच, पण आपल्या ‘आपलंसं करणं’च्या तो जवळ जातो, आणि तेवढ्यासाठी मी तो आनंदाने वापरला. ‘आय बिलाँग हिअर’चं असंच. शब्दाला शब्द ठेवून ‘आपार्तनीर’ घातलं तर माणूस त्या जागेच्या मालकीचा होतो, वेठबिगार असल्यासारखा. फ्रेंच माणूस ‘झ स्वी दिसी’ म्हणतो. मी इथली. एका शब्दाचं काम.

यादीला शेवटचा रकाना होता ‘ओनर’. कस्टम्सला तो नको होता, पण विम्यासाठी त्यांनी घातलेला. त्याचं, तिचं, दोघांचं. इथे फ्रेंच अगदीच निरुपयोगी. ‘सों’ आणि ‘सा’ वस्तूचं लिंग बघतात, माणसाचं बघतच नाहीत. सदरा त्याचा असो की तिचा, शेमीझ स्त्रीलिंगी म्हणून ‘सा’. इंग्रजी उलट : ‘हिज’, ‘हर’ माणसाकडे बघतात, वस्तूकडे ढुंकून नाही. मराठी दोन्हीकडे बघते. त्याचा डबा, त्याची पिशवी, तिचा डबा, तिची पिशवी. एवढी चोख भाषा हाताशी असून आपण याद्या इंग्रजीत करतो.

अठ्ठ्याण्णवाव्या ओळीत इंग्रजीत होतं : तिची अन्नपूर्णा, पितळी, तिच्या आईच्या घरून. फ्रेंचमध्ये केलं आणि वाचून बघितलं. ‘सा’ मूर्ती, ‘शे सा’ आईहून आलेली. कुणाची मूर्ती, कुणाच्या आईकडची, काहीच कळेना. तुलूझचा अधिकारी म्हणेल, या गृहस्थाच्या आईने दिलेली. शेवटी ‘पत्नीच्या माहेरच्या कुटुंबाकडून विवाहप्रसंगी भेट’ असं लांबलचक लिहिलं. माहेर या शब्दात बाई आपोआपच असते, कुणाचं ते सांगावं लागत नाही.

सत्त्याण्णवाव्या ओळीत बाकीचे देव होते. ‘ब्रास आयडॉल्स, 7 नग, ओनर : हजबंड.’ मी तसंच उतरवलं. तपासायला पाठवलं तर रात्री फोन आला, त्याच्या आईचा. कोथरूडच्या घरात त्यांच्यासमोरच यादी वाचून दाखवली होती म्हणे.

“देव कुणाचे लिहिलेत?”

“मुलाचे, काकू. त्यानेच तसं दिलं होतं.”

“त्याचे कसे होतील? थोरल्या दिरांकडे होते. ते गेल्यावर आमच्याकडे आले. आता त्याच्याकडे चाललेत.”

मला काही बोलता येईना, कारण व्याकरण त्यांच्या बाजूने होतं. कायदाही थोडासा होता. 1925 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे कलकत्त्याच्या एका कुटुंबाचा वाद आला होता. पूजेची पाळी आली की देव आपल्या घरी न्यायचा की नाही, यावरून. न्यायाधीशांनी सांगितलं की देव ही कायद्याच्या लेखी व्यक्ती आहे, इकडून तिकडे उचलून न्यायचं चॅटल नव्हे. त्याने कुठे राहायचं याबाबत त्याची स्वतःची इच्छा विचारात घ्यायला हवी, आणि ती मांडायला कुणीतरी त्रयस्थ नेमावा. हे मी काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “लंडनला कळलं का? बरं.”

रकान्यात मी ‘मालक’ खोडून ‘देताँतर’ लिहिलं, म्हणजे ज्याच्या ताब्यात आहे तो. फ्रेंच कायद्यात हा मालकापेक्षा बराच खालचा माणूस. चालतं म्हणाल्या.

किमतीचा रकाना राहिला. मी ‘साँ व्हालर कोमेर्सियाल’ सुचवलं होतं, व्यापारी मूल्य नाही, कस्टम्सच्या कागदांवर हा शब्दप्रयोग असतो. पण सामान नेणाऱ्यांच्या माणसाला आकडा हवा होता, रिकामी चौकट त्याच्या संगणकात पुढे सरकत नव्हती. पितळेच्या भावाने लावा, असं मुलगा म्हणाला, आणि मागून भांडं आपटल्याचा आवाज आला.

“सव्वा रुपया लिहा,” काकू म्हणाल्या.

हिशेब केला. एक सेंट आणि वर थोडं. संगणकाला पूर्ण युरोखाली काही चालत नव्हतं, म्हणून मी 1 टाकला आणि त्यांना तसं कळवलं.

“एक युरो म्हणजे आपले किती?”

“नव्वदच्या पुढे, काकू.”

“म्हणजे तिकडे देवसुद्धा महागच की हो.”